वाघमुखी हॉटेल: सातारा ते कवठे महांकाळ, जुन्या रस्त्याने

माझी मैत्रीण शबाना सांगलीची. कॉलेजात भूगोल शिकवते, आणि समोर आलेला प्रत्येक माणूस आपला विद्यार्थीच आहे असं धरून चालते. पुण्याला लेकीकडे आठवडाभर राहून तिचा जीव उबगला, तेव्हा तिचा फोन आला.

"मेधे, मला सांगलीला सोडतीस का? एसटीत बसून कंबरेचा पार भुगा व्हतोय."

"सोडते की. पण जुन्या रस्त्यानं जायचं. वाटेत मला हॉटेलं बघायचीत."

"बघायची? खायचं न्हाई?"

"बंद पडलेली आहेत गं. इमारती बघायच्यात."

मग म्हणाली, "लोकं किल्लं बघत्यात, लेणी बघत्यात. तू बंद पडलेली हॉटेलं बघ. बरं हाय, तिकीट तरी नसतंय."

आता हा नाद काय, ते आधी सांगते, नाहीतर तुम्हीही शबानासारखेच हसाल. आपल्याकडे पन्नास-साठच्या दशकात मोठ्या रस्त्यांच्या कडेला जी उपाहारगृहं बांधली गेली, त्यांचा एक खास थाट होता. पुढे गोल काढलेला स्लॅब, त्याला आधार म्हणून दोन बारीक लोखंडी पाइप. जहाजाला असतात तशा गोल खिडक्या. सिमेंटच्या जाळ्या, रंगीबेरंगी तुकड्यांची मोझेक फरशी, आणि कपाळावर सिमेंटचीच उठावदार अक्षरं. धुळीचा रस्ता, समोर बैलगाडी, आणि मधोमध हे एक विमानतळाचं स्वप्न बघणारं हॉटेल! त्या काळच्या मालकांच्या आणि गवंड्यांच्या हौसेला माझा दंडवत. पुढे रस्ते रुंद झाले, गावांना बगल देऊन गेले, आणि या इमारतींनी मिळेल तो धंदा धरला. तो कुठला धंदा धरला हे बघत फिरायचं, एवढाच माझा छंद आहे.

पहिला दिवस: पुणे, सातारा, कराड, सांगली

सहाला निघायचं ठरलं होतं. निघालो साडेसातला, कारण शबानाच्या लेकीनं आईबरोबर इतके डबे दिले की गाडीची मागची सीट त्यांनाच द्यावी लागली. साताऱ्यापर्यंत दोन टोल लागतात, फास्टॅगमध्ये पैसे आहेत ना ते आदल्या दिवशीच बघा. खंबाटकीत ट्रकच्या मागे मुकाट राहावं. तिथे पराक्रम दाखवणारे सगळे पुढच्या वळणावर परत आपल्याच शेजारी उभे असतात.

हायवे साताऱ्याला बाहेरूनच टाटा करून जातो. आम्ही आत वळलो. शंभराच्या आत दोघींची मिसळ होत नाही आता, पण चव अजून शाबूत आहे. कंदी पेढे जाताना घेऊ नका, येताना घ्या. जाताना घेतलेले पेढे घरी पोहोचत नाहीत.

गाव मागे पडलं आणि जुना रस्ता परत हायवेला मिळण्याआधी डाव्या हाताला पहिली इमारत दिसली. तीन गोल खिडक्या, आणि तिन्ही खिडक्यांतून खताची पोती बाहेर डोकावतायत. कृषी सेवा केंद्र. मी कॅमेरा काढला तसे मालक चप्पल पायात सरकवत बाहेर आले.

"कुठल्या कंपनीकडनं आलाय?"

"कंपनीकडून नाही. या खिडक्या बघायला आलोय."

"बदलून देताय व्हय?" त्यांचा चेहरा उजळला. "आवं, गोल खिडकीला पडदा मिळंना, ग्रील मिळंना, काच फुटली तर काचवाला हसतोय. ज्यानं केल्यात त्याला एकदा भेटायचं हाय मला."

"पण पाडू नका हं या," मी कळवळून म्हणाले.

"पाडतंय कोण! मागल्या साली भिंत फोडाय घेतली, तर ब्रेकरच मोडला. तवापास्नं आमी म्हणतो, जुनं काम हाय, जपाय पायजे."

वारसा जतन करण्याचं इतकं प्रामाणिक कारण मी अजून ऐकलेलं नाही. शबाना गाडीत बसेपर्यंत हसत होती.

कराड ओलांडल्यावरची दुसरी इमारत आता स्पर्धा परीक्षेची अभ्यासिका आहे. या हॉटेलांमध्ये 'फॅमिली रूम' असायच्या. लाकडी पार्टिशन घालून केलेले छोटे कप्पे, त्यांना गुडघ्यापासून खांद्यापर्यंतची अर्धी दारं. कुटुंबाला आडोसाही मिळावा, आणि आत कोणी बसलंय हे पायांवरून वेटरला कळावंही. ते कप्पे इथे तसेच आहेत, फक्त एकेका कप्प्यात एकेक मुलगी पुस्तकात डोकं घालून बसलेली. एकीला विचारलं, जागा कशी आहे?

"एक नंबर, मॅडम," ती कुजबुजली. "सर राऊंडला आले की आधी बूट दिसत्यात. मोबाइल ठेवायला टाइम मिळतो."

बाहेर आल्यावर शबाना त्या अर्ध्या दारांकडे जरा जास्तच वेळ बघत राहिली. मी विचारलं, "काय गं, लग्नाआधी दोघं इथं आला होता की काय?" तर म्हणे, "गप गाडी चालव." कानाच्या पाळ्या मात्र लाल झाल्या होत्या. मग मी पेठ नाक्यापर्यंत तिला सोडलं नाही.

पेठ-सांगली रस्त्याच्या खड्ड्यांबद्दल सांगलीकरांसमोर आपण काही बोलू नये. ते स्वतःच बोलतात, आपण मान डोलवावी. मुक्काम विश्रामबागेत शबानाच्या घरी होता, त्यामुळे हॉटेलचा दर विचारू नका. ज्वारीची भाकरी, मटण, आणि वर भडंग चिरमुऱ्यांचा डोंगर. तिच्या मिस्टरांना मी अभ्यासिकेचं सगळं सांगितलं. त्यांनी वाढलं तेव्हा माझ्या ताटात मटणाची एक फोड जास्त पडली.

दुसरा दिवस: माधवनगर आणि कवठे महांकाळ

सकाळी आधी माधवनगर. गिरणीचा भोंगा वाजायचा त्या काळातलं एक उपाहारगृह तिथे आहे, आता दातांचा दवाखाना झालाय. जिथे जिलेबी तळली जायची, तिथे रूट कॅनाल करतात. एका अर्थी धंदा पुढे चालूच आहे. गल्ल्याचं संगमरवरी टेबल तसंच आहे, तिथे नंबर घ्यायचा आणि बसायचं. फरशी पिवळ्या आणि काळ्या तुकड्यांची, इतकी चकचकीत की दाढ दुखणाऱ्या माणसालाही खाली बघावंसं वाटावं.

तिथून मिरजेवरून कवठे महांकाळच्या रस्त्याला लागलो. चौपदरी, सरळ, गुळगुळीत. उसाचा हिरवा पट्टा मागे पडतो, मग माळ, बाभळी, आणि मध्येच द्राक्षांच्या बागा. दोन बाटल्या पाणी जवळ ठेवा. आणि इथेच शबानानं तोंड उघडलं.

"मेधे, तुला एक सांगायचं राहिलं. आज आपण मुद्दाम चाललोय. तितं आज एक निकाल लागणार हाय."

झालं असं होतं. त्या हॉटेलचे आताचे मालक दिनकर सुभेदार. त्यांची मुलगी शबानाच्या हाताखाली शिकून गेलेली, त्यामुळे ओळख. सगळं आयुष्य सैन्यात काढून ते निवृत्त झाले आणि मिरजेत भाड्यानं राहू लागले. वडिलांचं बंद पडलेलं हॉटेल वाटणीत त्यांच्याकडे आलेलं. त्यांच्या मनात आलं की याचंच घर करावं आणि आईला आपल्याजवळ आणावं. आई, म्हणजे आक्का, गावात धाकट्या मुलाकडे. सगळं गाव आक्का म्हणतं, म्हणून मुलंही आक्काच म्हणतात. आणि आक्कांनी साफ सांगितलेलं, मी त्या जागेत पाऊल ठेवणार नाही.

"का?"

"वाघमुखी जागा हाय म्हणून."

शहरातल्या वाचकांसाठी सांगते. जागा रस्त्याकडे रुंद आणि मागे निमुळती असली तर ती व्याघ्रमुखी, आपल्या बोलीत वाघमुखी. वाघाचं तोंड मोठं आणि मागचा भाग बारीक, तशी. अशी जागा धंद्याला उत्तम, राहायला वाईट. याच्या उलट, रस्त्याकडे निमुळती आणि मागे रुंद ती गोमुखी. ती राहायला चांगली, धंद्याला नको. मानायचं की नाही ते तुमचं तुम्ही ठरवा. पण आमच्या भागात जमिनीचा सौदा करताना डॉक्टर, वकील, इंजिनियर सगळे हळूच नकाशा उलटा-सुलटा करून बघतात, हे मी डोळ्यांनी पाहिलंय. माझ्या नवऱ्यानंही बघितलाय.

"आज आक्का शेवटचं बघाय येणार," शबाना म्हणाली. "न्हाई म्हणाली, तर उद्या गोडाऊनवाला माप घ्याय येतोय. पुढचा गोल स्लॅब पाडून ट्रक आत घालणार म्हणं."

"मग सुभेदार?"

"त्यो मिरजेतच. आक्का न्हाई तर घर कशाला, म्हणतोय."

मी गाडी जरा जोरात चालवायला लागले.

हायवेवरून मुरमाचा एक छोटा उतार खाली जातो, तिथे गाडी लावली. समोर एक निमुळती भिंत, जुन्या भटारखान्याच्या धुरानं काळी पडलेल्या दोन खिडक्या, एक साधं लाकडी दार आणि दाराशी तुळस. सुभेदार दाराशी उभे, आक्का येणार म्हणून मिरजेहून आधीच आलेले. माणूस निवृत्त झाला तरी पाठ निवृत्त झाली नव्हती. त्यांच्या बायकोनं, सुनंदावहिनींनी, पाण्याचे तांबे आणले.

"चहा नंतर," मी म्हणाले, "आधी समोरून फोटो काढते." आणि आम्ही सगळे गवतातून, काटे चुकवत, इमारतीला वळसा घालून समोर गेलो.

काय सांगू तुम्हाला! पाच वर्षं मी अशी हॉटेलं बघत फिरतेय, पण असं नव्हतं बघितलं. अर्धगोल स्लॅब इतका पुढे आलेला की खाली दोन एसट्या उभ्या राहाव्यात. दोन्ही बाजूंना गोल खिडक्या, मध्ये उभ्या पट्ट्यांची नक्षी, आतल्या फरशीवर लाल सिमेंटमध्ये पांढऱ्या तुकड्यांचं मोठं कमळ. आत शिरल्यावर डाव्या हाताला गल्ला. आणि या सगळ्या दिमाखासमोर काय, तर जुन्या रस्त्याचा डांबराचा एक तुकडा, त्याच्या मधोमध वाढलेली बाभूळ, आणि बाभळीला टेकून उभी दोन शेरडं. मी फोटो काढत होते आणि शेरडं अशी बघत होती की जणू आम्ही त्यांच्या अंगणात आलोय.

"ह्यो पूर्वीचा रस्ता," सुभेदार म्हणाले. "हितं लय गर्दी असायची. डुटीवर जाणारा फौजी असला की त्याच्या घरची सगळी हितंच सोडाय यायची. गाडी येईस्तोवर अण्णा सगळ्यांना गरम भजी द्यायचे. गाडी आली की बायका तोंड फिरवायच्या आन् अण्णा मोठ्यानं म्हणायचे, रडायचं न्हाई, चहा गार व्हतोय."

अण्णा म्हणजे त्यांचे वडील. स्लॅब घातला त्याच साली आक्का लग्न होऊन इथे आल्या. मग पुढे कधीतरी सरकारनं रस्ता सरळ केला, आणि नवा रस्ता गेला नेमका हॉटेलच्या मागून. रोज शेकडो गाड्या भटारखान्याच्या खिडकीसमोरून जाऊ लागल्या.

"मग मागच्या भिंतीत एक मोठं दार पाडायचं," मी म्हणाले. "संपला प्रश्न."

"आक्का बी त्येच म्हणली," सुभेदार म्हणाले. "पर अण्णा ऐकंनात. जागा वाघमुखी हाय, म्हणायचे, वाघाच्या तोंडानं हाटेल चाललं. आता शेपटाकडनं गिऱ्हाईक घेऊन त्याची गाय करू व्हय? रोज सकाळी हितं गल्ल्यावर बसायचे. धुतलेलं धोतर, टोपी. समोर रस्त्याला कुणी न्हाई. आन् मागनं गाड्यांचा आवाज."

ते असं सांगत होते की हसू पण येत होतं आणि हसवत पण नव्हतं. हॉटेल बंद पडलं. अण्णाही पुढे फार राहिले नाहीत.

"तुम्ही तेव्हा कुठं होतात?" शबानानं विचारलं.

"बॉर्डरला." मग म्हणाले, "मॅडम, मी वर्षातनं एकदा रजेवर यायचो. दर टायमाला आक्का थोडी जास्त म्हातारी झालेली असायची. मधलं काय मला बघायलाच मिळालं न्हाई. आता जेवढं हाय तेवढं तरी बघू दे, एवढंच म्हणतोय मी." आणि लगेच बाभळीकडे बघून, "ही शेरडं कुणाची हायत कुणास ठाऊक," असं म्हणाले.

तेवढ्यात मागे जीपचा हॉर्न वाजला. आम्ही परत वळसा घालून आलो. धाकट्या भावानं आक्कांना तुळशीपाशी उतरवलं आणि बागेत फवारणी चालू आहे म्हणून तो तसाच निघाला. आक्का म्हणजे जेमतेम साडेचार फूट. नऊवारी, जाड काचांचा चष्मा, हातात काठी, पण ती टेकण्यापेक्षा दाखवण्यासाठीच जास्त. पहिला मोर्चा शबानाकडे.

"तू कुणाची गं?"

"आमी माधवनगरचं, आक्का. अब्बांचं कापडाचं दुकान व्हतं."

"मग हुबी का? बस की." मग माझ्याकडे बघून, "आन् ही?"

"ही पुण्याची. बंद पडलेली हॉटेलं बघत फिरती."

"दुसरं काम न्हाई व्हय घरात?" आक्का म्हणाल्या. मग त्यांची नजर तुळशीवर गेली आणि काठी उचलली गेली. "सुनंदा, तुळस मागल्या दाराला लावत्यात व्हय गं?"

"आवं आक्का, सगळी हिकडनंच येत्यात की," वहिनी घाईनं म्हणाल्या. "तिकडं पुढं कोण येतंय? शेरडं."

आणि इथे शबानातल्या बाईंना राहवलं नाही. वर्गात विचारतात तशा सुरात तिनं सुरुवात केली.

"आक्का, हितं दूधवाला कुठनं येणार?"

"हिकडनं."

"पोस्टमन?"

"हिकडनंच."

"आत्ता तुमी कुठनं आला?"

आक्कांनी चष्मा वर सरकवला. मी मात्र एव्हाना पेटले होते. काठी मागून घेतली आणि मुरमात आकृती काढली. इकडे नवा रस्ता, ही निमुळती बाजू, तिकडे मागे रुंद. "आक्का, बघा तरी! रस्ताच फिरला, तर तोंडही फिरलं. ही जागा आता वाघमुखी राहिलीच नाही. गोमुखी झाली, गोमुखी!" मला वाटलं, मी फार मोठा शोध लावला. सुभेदार त्या आकृतीकडे बघतच राहिले. वहिनींनी तोंडाला पदर लावला. इतकी वर्षं वास्तुवाले येऊन गेले, गावातली जाणती माणसं येऊन गेली, सगळे हायवेवर गाडी लावून, वळसा घालून, समोर जाऊन, मान हलवून परत गेले होते. मीही तासाभरापूर्वी तेच केलं होतं.

आक्कांनी माझ्या हातातून काठी काढून घेतली.

"मला काय कळंत न्हाई व्हय गं?" त्या म्हणाल्या. "ज्या दिवशी मागनं पहिली गाडी गेली, त्या दिवशीच कळलं मला. त्यास्नी बी सांगितलं, दार पाडा हिकडं. न्हाई ऐकलं. त्या समोरच्या दाराची वाट बघत माणूस गेला माझा. आता मी ह्या दारानं आत गेली, तर त्यांचं सगळं चुकलं असं व्हतंय. गाव म्हणंल, बाई शानी व्हती आन् ह्यो खुळा व्हता. मी कसं म्हणू द्यू?"

माझी आकृती मला एकदम फार पोरकट वाटली. वर हायवेवरून एक ट्रक गेला, मग दुसरा.

"आक्का," सुभेदार म्हणाले. आवाज वरिष्ठांसमोर बोलावं तसा. "चुकलं असंल त्यांचं. माणूस हाय, चुकतंय. म्हणून काय कमी झाले व्हय ते? मला भजी आवडायची त्यांची. तुला बी आवडायची."

आक्कांनी लेकाकडे बराच वेळ बघितलं. मग काठी टेकत एकट्याच निघाल्या, गवतातून, वळसा घालून समोर. आम्ही मागे मागे, जरा अंतर ठेवून. गोल स्लॅबखाली त्या उभ्या राहिल्या, पण पायरी चढल्या नाहीत. आत गल्ल्याकडे तोंड केलं आणि खणखणीत आवाजात बोलल्या, कमी ऐकू येणाऱ्या माणसाशी बोलावं तशा.

"आवं, ऐकताय का? ह्या रस्त्यानं आता कुणी येत न्हाई. मी तवाच बोलली व्हती, तुमचं चुकलं. दिनू आलाय, आता कायमचा आलाय. त्याला मी किती दिस बाहीर ठेवू? मागनं आत घेती. रागवायचं असंल तर रागवा."

शेरडं सोडून कुणीही हललं नाही. मी सरळ सांगते, मी रडले. शबाना तर रुमाल शोधत माझीच पर्स उचकत होती.

आक्का तशाच फिरल्या. समोरचं दार उघडं होतं, आतून चार पावलांत पलीकडे जाता आलं असतं. पण त्या आल्या वाटेनं, बाहेरून, पूर्ण वळसा घालून परत आल्या. वहिनींनी पायांवर पाणी घातलं, तुकडा ओवाळून टाकला. आक्कांनी तुळशीला हात लावला आणि उजवा पाय उचलून त्या साध्या लाकडी दारातून आत गेल्या. सुभेदार तेव्हा भिंतीकडे तोंड करून विजेचं एक बटण फार बारकाईनं तपासत होते. त्या बटणाला वायरसुद्धा जोडलेली नव्हती.

आतून आवाज आला, "सुनंदा! ही शेगडी हितं कुणी मांडली? वारं हिकडनं येतंय, दिसंना व्हय तुला?"

वहिनी माझ्याकडे बघून म्हणाल्या, "झालं. आता ह्या राहायला आल्या." आणि हसत हसत डोळे पुसत आत पळाल्या. सुभेदारांनी गोडाऊनवाल्याला फोन लावला. "जागा द्यायची न्हाई," एवढंच म्हणाले, आणि पलीकडच्यानं कारण विचारलं असावं, कारण मग म्हणाले, "घरात आई हाय."

त्यानंतर आम्हाला मिळालेला चहा, भजी, आणि निघताना कोंबलेली बेदाण्याची पिशवी, याचं वर्णन करत नाही. तुम्हाला उगाच भूक लागेल.

तिसरा दिवस: परत

येताना मी एकटी. शबानानं विश्रामबागेतून निघताना बजावलं, "नीट जा. वाटेत भिंती बघत बसू नगंस." साताऱ्यात पेढे घेतले. पेट्रोल, टोल आणि खाणं धरून, मुक्काम मैत्रिणीकडे असेल तर ही सहल एका चांगल्या साडीच्या आतबाहेर होते. गाडी हॅचबॅक असली तरी चालते, फक्त जुन्या रस्त्यांच्या तुकड्यांवर हळू. आणि एक विनंती, बंद इमारत दिसली तरी शेजारी विचारल्याशिवाय आत शिरू नका. बहुतेक ठिकाणी कोणीतरी राहत असतं, निदान शेरडं तरी.

घरी येऊन फोटो बघायला बसले. समोरच्या बाजूचे ढिगानं. गोल स्लॅब या कोनातून, त्या कोनातून, खिडक्या, कमळ, जाळ्या. त्या धुरकट भिंतीचा आणि साध्या दाराचा एकही नाही. मला त्यात बघण्यासारखं काही वाटलंच नव्हतं. पाच वर्षं मी या हॉटेलांची नुसती तोंडं टिपत फिरले, आणि आता मला तेवढा एक फोटो हवाय. नवऱ्याला सांगितलं तर तो म्हणाला, भिंतीसाठी साडेपाचशे किलोमीटरचा हेलपाटा? मी म्हटलं, हो, दोन्हीकडचा मिळून. त्याला बरोबर घेऊन जाणार आहे, नकाशा उलटा करून बघायची खोड मोडावी म्हणून.

परवा सुभेदारांच्या नंबरावरून फोन आला. पलीकडे आक्का. फोनवर विश्वास नसल्यानं आवाज असा की पुण्यापर्यंत तसाच पोहोचला असता.

"कवा येतीस गं? शेवया केल्यात. वाळत घातल्यात मागं. मागं लय छान सावली हाय, मी दिसभर तितंच बसती. दिनू बी येऊन बसतोय."

मला काही चित्र उभं राहीना. ती धुरकट भिंत, तिला लागून हायवे, तिथे कसली सावली आणि बसायला जागा तरी कुठे?

"मागं म्हणजे कुठं, आक्का?"

"आगं, त्यो गोल स्लॅब न्हाई का, गल्ल्यापुढचा," आक्का म्हणाल्या. "तितं. आमचं परसदार."